हातानं घातलेली ओळ

खटकचिंचोळी
९ फेब्रुवारी २०२५

गुरुबसव अण्णा यांस,

महिना झाला, तुम्हाला लिहायचं रोज उद्यावर ढकलतोय. एकदा कागद आणला तर पेन नव्हतं. पेन आणायला दुकानात गेलो, तर तिथं कुणाचा तरी फ्रीज टमटममधून उतरवायला लागले होते. मी बी हात लावला. मग चहा झाला. मग तेच टमटम रिकामं भालकीला निघालं, तर मी बसून गेलो. भालकीत माझं काही काम नव्हतं. माझं तुम्हाला माहीतच आहे. पण खरं म्हणजे पेन हे निमित्त. सुरुवात कुठून करावी तेच कळत नव्हतं.

तुमचा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर तुमचा फोटो दिसत नाही, म्हणजे मला बंद केलं असणार. तीन मेल पाठवले. शेवटी तुमच्या आईकडून, तुम्ही आळंदला जाऊन राहिलात त्या अक्काच्या घरचा पत्ता मागून घेतला. पोस्टात विचारलं, आळंदला पत्र जातं का? तो माणूस म्हणाला, "कामून जाणार न्हाई? आळंद काय अमेरिकेत हाय का गा?"

खोली आहे तशी आहे. तुमच्या खुर्चीवर मी बसत नाही. म्हणजे बसतो, पण कोण आलं की उठतो.

परवा मला पहिला दिवस आठवला. दहावी तीनदा नापास झालेला, आठ गावांत आठ कामं सोडलेला असा मी तुमच्याकडं आलो. एक्केचाळीस गावांतल्या तूर-नोंदणी केंद्रांच्या कंप्युटरांसाठी तुम्ही सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायचात. अर्ध्या केंद्रांत नेट नाही, म्हणून मी ती पेनड्राइव्हवर घेऊन बसनं गावोगाव फिरायचो. हिंडायचं काम, त्यात तिकीट तुमचं. मला बरं वाटलं. मग एक दिवस, धाकट्या भावाला म्हणावं तसं, तुम्ही म्हणालात, "तम्मा, आता यादी शिक." मी म्हटलं, कसली यादी?

तुम्ही विचारलं, "तुझ्या ठाणाकुशनूरला लग्नाची मोठी भांडी कुठं असतात?"

"देवळात. समाजाची."

"घराघरात हंडं घेऊन ठेवत न्हाईत?"

"कशाला? ज्याला लागेल त्यानं वहीत नाव घालायचं. कुठलं हंडं, कुठलं पातेलं."

"मग झालं. लायब्ररी म्हणजे समाजाचं हंडं. दहा प्रोग्राम एकच हंडं वापरतात. कुणाला कुठलं लागतंय, जुनं चालतंय का झाकणाचं नवंच पाहिजे, ती वही म्हणजे आपली यादी. ज्या हंड्यावर कुणाचंच नाव न्हाई, ते मशीनला अडगळ वाटतं. झाडलोटीत बाहेर टाकतं."

एवढं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी आज कुठं असतो. कदाचित इथंच.

तर जे झालं ते झालं, अण्णा. मनाला लावून घेऊ नका. टायफॉइड होता तुम्हाला, एकशे चार ताप. तसल्या तापात माणूस बायकोला आई म्हणतो, तुम्ही तर यादीतली नुसती एक ओळ काढली. आंधळ्या मंजुश्रीच्या बोलणाऱ्या मशीनचा आवाज गेला, तिची केंद्रावरची नोकरी गेली, हे खरं. पण तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? मी त्या दिवशी उदगीरला होतो, नाहीतर पळत गेलो असतो. मी सगळ्यांना हेच सांगतो. अण्णांच्या हातून तापात झालं म्हणून.

कामाचं एक. पॅकेजवर तुमची सही असल्याशिवाय कुठलंच केंद्र ते घेत नाही, आणि त्या सहीची मुदत ३१ मार्चला संपते. नवी सही करायला तुमचा परवलीचा शब्द लागतो. तो कळवा. आणि यादीवर "सांभाळणारा" म्हणून अजून तुमचंच नाव आहे. तुम्ही तर आता सांभाळत नाही. तिथं माझं घातलं तर चालेल का, तेही कळवा.

तब्येतीला जपा. आळंदला शेंगाचटणी चांगली मिळते म्हणतात.

तुमचा,
अंबाजी


कमठाणा
२३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही, मी पण कधी कुणाला उत्तर देत नाही.

कमठाण्यात लिहितोय म्हणजे कुणाच्या ओट्यावर ते तुम्ही ओळखलं असेल. हरिबा काका आत जेवायलेत. त्यांची मंजुश्री मागं कडबा कापणाऱ्या गड्याला काहीतरी सांगायलीय. तिला आवाजावरून कळतं कडबा ओला आहे का वाळलेला. गडी म्हणतो, बाई, तुम्हाला दिसतंय का काय. त्याला वाटतं हा विनोद आहे. दर खेपेला करतो.

तुम्ही तिला दिलेला जुना कंप्युटर तिच्या खोलीत कापड टाकून ठेवला होता. तुमचं ते अपडेट घेऊन तोपण मुका झालेला. महिनाभर तिनं त्याला हात लावला नव्हता. मी म्हटलं, बघू तर. पेनड्राइव्हवरून आवाजाची लायब्ररी परत घातली, यादीत ओळ परत लिहिली. पाच मिनिटं पण लागली नाहीत. मग ती बाई बोलली. ती यंत्रातली, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. म्हणाली, "मुख्य पान. तीन पर्याय."

मंजुश्री उभी होती. भिंतीला हात लावून खाली बसली.

"एवढ्यानंच?" तिनं विचारलं.

"एवढ्यानंच. एक ओळ होती."

"मग त्याला कामून जमलं न्हाई? आला, दारात हुबं राहून म्हणाला माझ्या हातून झालं, आन गेला. एक ओळ घालता आली न्हाई?"

मी पेनड्राइव्ह काढून खिशात घातलं. तुमच्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं का? पण रेकॉर्ड बघितलं तर ओळ तुमच्या नावानं गेली आहे. तुमच्या लॅपटॉपवरून, तुमच्या सहीनं. मी काय सांगणार?

त्या दिवशीचं तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. मला गावातल्यांनी सांगितलं. तूर विकणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. खरेदी संघाचे सेक्रेटरी शिवशंकरप्पा आणि कमिटीचे तिघं खुर्च्या टाकून बसले होते, आंधळी पोरगी नोंदणी करते म्हणजे काय करते ते बघायला. नीट झालं तर कायमची ऑर्डर तिथंच देणार होते. तिनं मशीन चालू केलं. आवाज नाही. तिला वाटलं उशिरा येईल. पहिल्या शेतकऱ्याचं नाव विचारून टाइप केलं, गाव टाइप केलं, सर्व्हे नंबर टाइप केला. असे सात जण केले. आवाज नसला की आपण कुठल्या रकान्यात आहोत हे तिला कळत नाही. कुणाचं नाव नंबरात, कुणाचा नंबर गावात. टोकन निघालं ते वाचून एकजण ओरडला, "माझ्या बापाचं नाव चारशे बारा लिवलंय की हो!" रांग हसली. दुसरा म्हणाला, "आंधळ्याच्या हाती कंदील दिला की आसंच व्हतंय."

मग ती वाकली. मशीनजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "बोल की गं."

तेवढं एक तिनं करायला नको होतं. रांगेतल्या पोरांनी ते उचललं. दिवसभर एकमेकांना म्हणायले, बोल की गं, बोल की गं. शिवशंकरप्पा बरा माणूस आहे, तो नुसता म्हणाला, "पोरी, ऊठ आता." पण ती उठेना. तिला वाटायलं होतं, बोलेल.

असो. हरिबा काका आता मला नावानं हाक मारतात. काल म्हणाले, "जंगमाच्या मठात जाणाऱ्याच्या नादी लागली, पोरीचं हसं झालं. तू आपल्यातला हायस." मी म्हटलं, काका, गुरुबसव अण्णा वाईट माणूस न्हाई. ते म्हणाले, "वाईट न्हाई म्हणूनच म्हणायलो. वाईट माणसाला निदान काय करायलोय ते कळतंय तरी."

परवलीचा शब्द तेवढा पाठवा. पाच आठवडे राहिलेत.

अंबाजी

ता. क. इथं मागच्या गल्लीत एक म्हातारा माकड पाळतो. माकडाला तंबाखूचं व्यसन आहे. तुम्हाला सांगायचं राहून जाईल म्हणून लिहिलं.


हुमनाबाद बसस्टँड
८ मार्च २०२५

गुरुबसव,

तुझं पाकीट परवा मिळालं. इथून पुढं मी तुला तू म्हणणार आहे. अहोजाहो करत हे पत्र लिहिता येणार नाही.

मी ते पाकीट खोलीत फोडलं नाही. घेऊन बसमध्ये बसलो. बस हुमनाबादची निघाली, म्हणून हुमनाबाद. इथं बाकावर बसून चार वेळा वाचलं. आता पाठ आहे. "तम्मा, परवलीचा शब्द खाली लिहिला आहे. यादी तुझी. माझं नाव काढून टाक. तापात मी काय केलं आठवत नाही, पण माझ्या लॅपटॉपवरून झालं म्हणजे माझ्याच हातून झालं. मंजुश्रीचं मशीन बोलतं केलंस, तुझे उपकार कसे फेडू. तिला जप. हातच्या ओळींवर लक्ष ठेव. साकु."

साकु म्हणजे पुरे. तुझ्यासाठी पुरे असेल.

मला वाटलं होतं तू भांडशील. निदान विचारशील, अंबाजी, त्या दुपारी खोलीत तू होतास ना? एवढं तर शेंबडं पोर पण विचारेल. पण तू दुसऱ्याचं पाप पण स्वतःच्या ताटात वाढून घेतोस आणि वर म्हणतोस उपकार. असल्या चांगुलपणाचा मला राग येतो. ते पाप तुझं नाही. ते पण मी तुला ठेवू देणार नाही.

ओळ मी काढली.

ताप यायच्या तीन दिवस आधी मंजुश्री आणि तिचे वडील खोलीवर आले होते. बोलणारा प्रोग्राम तपासायला. तू खुशीत होतास. हरिबांनी विचारलं, हे सगळं तू एकटाच सांभाळतोस, हा पोरगा काय करतो? तू म्हणालास, "अंबाजी? याच्या हाती यादी दिली तर हा बैल विकून दावं जपून ठेवील." सगळे हसले. मीपण हसलो, नोकरानं हसायचं असतं. पण मंजुश्री सगळ्यांत उशिरापर्यंत हसली. हसू थांबल्यावर तिनं विचारलं, "खरंच दहावीला तीनदा?" तूच सांगितलं असणार. तिला दुसरं कोण सांगणार?

मग तुला ताप आला. तू खाटेवर, लॅपटॉप उशाला उघडा. तू मला म्हणालास, "मशीन चाळीस इशारे दाखवायलंय. बिनकामाच्या गरजा यादीतून काढ. पण हातच्या ओळींना हात लावू नको, तम्मा." मला कारण माहीत होतं, तूच शिकवलं होतंस. प्रोग्रामानं सुरुवातीलाच जी भांडी हातात घेतलेली असतात ती मशीनला दिसतात, त्यांची नावं ते आपणहून यादीत घालतं. पण बोलणारा प्रोग्राम आवाजाचं भांडं सुरुवातीला घेतच नाही. ऐन बोलायच्या वेळी हाक मारतो. ते मशीनला दिसत नाही. म्हणून ती एक ओळ तू हातानं घातली होतीस, आणि मशीन रोज तिच्यावर इशारा द्यायचं, ही गरज बिनकामाची. त्या ओळीच्या डोक्यावर तू लिहून ठेवलं होतंस, हात लावू नको. कानडीत आणि मराठीत.

मी दोन्हीत वाचलं. मग काढली.

चुकून झालं असं आता मला म्हणता येईल. म्हणायचं पण ठरवलं होतं. तुझ्या लॅपटॉपवर आवाज सुरूच राहिला, कारण तिथं तेच भांडं दुसऱ्या एका प्रोग्रामाच्या नावावर होतं. कुणीही फसलं असतं. पण कोपऱ्यात ते कोरं मशीन आहे ना, तपासायला ठेवलेलं? मी त्याच्यावर घालून बघितलं. झाडलोट झाली. प्रोग्राम उघडला. आवाज नाही. दुपारचे बारा वीस झाले होते, समोर घड्याळ होतं. तू कण्हायला लागलास. मी उठलो, तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली, तुला दोन घोट पाणी पाजलं. तू डोळे न उघडता म्हणालास, "देव तुझं बरं करो." मग मी परत बसलो आणि तुझ्या सहीनं ते एक्केचाळीस गावांना पाठवून दिलं, नेट नाही तिथं पेनड्राइव्हनं.

बाकीच्या चाळीस गावांना काही फरक पडणार नव्हता. आवाज लागणारी एकच होती.

तुला वाटेल तिच्यावर माझा राग होता. तेवढा पण नव्हता. माझ्या डोक्यात तू होतास. तुझी यादी चुकते, तुझं नाव खाली जातं, लोक म्हणतात याच्यापेक्षा तो पोरगा बरा, एवढंच होतं. ती मधे आली.

उदगीरला मी नव्हतो. केंद्राच्या दारात उभा होतो, चौकटीला टेकून. मागच्या पत्रात जे गावातल्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं ते मी बघितलं आहे. पेनड्राइव्ह खिशात होतं. त्यात ती लायब्ररी होती. आत जाऊन, बाजूला सरका म्हणून, पाच मिनिटांचं काम. पहिलं नाव चुकलं तेव्हा वाटलं जावं. तिसऱ्याला वाटलं, आता गेलो तर विचारतील तुझ्याकडं हे आधीपासून कसं. सातव्याला मी मोजत होतो. आणि ती वाकून "बोल की गं" म्हणाली तेव्हा रांगेतल्या पोरांनी ते उचललं म्हणून लिहिलं. सगळ्यांत आधी मी हसलो. का ते मला सांगता येणार नाही. हसू आलं.

इथं बाकावर माझ्या बाजूला एक बाई गाठोड्यात कोंबडी घेऊन बसली आहे. कोंबडीनं मघापासून तीनदा माझ्या कागदाला चोच मारली. तिला हुसकावलं तर बाई मलाच शिव्या द्यायलीय. तर अक्षर बिघडलं असेल तर ते कोंबडीमुळं.

आता तुझ्या हातात हे पत्र आहे. जाऊन सांग मंजुश्रीला. ती विचारेल, रेकॉर्डला कुणाचं नाव? तुझं. दारात येऊन कबूल कुणी केलं? तू. मशीन दुरुस्त कुणी केलं? मी. आणि पत्र तिला दाखवशील कसं? दाखवून तिला दिसणार काय?

हे मी लिहिलं. खोडत नाही.

अंबाजी


खटकचिंचोळी
२१ मार्च २०२५

गुरुबसव,

तेरा दिवस झाले, तुझं काही नाही. मला वाटलंच होतं. तू रडला असशील, अक्कानं विचारल्यावर डोळ्यात कचरा गेला म्हणाला असशील, आणि पत्र घडी घालून वचनांच्या पुस्तकात ठेवलं असशील.

यादीवर आता माझं नाव आहे. "सांभाळणारा: अंबाजी." नवी सही पण माझी. एक्केचाळीस केंद्रांच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात दिसतं. पहिल्या दिवशी मी तीन गावं फिरून तेवढंच बघून आलो. चौथ्या दिवसापासून फोन. "कोन गा तू अंबाजी? तुझं नाव येतंय खाली. प्रिंटर चालंना झालाय." मी म्हटलं, प्रिंटरचा माझा संबंध नाही. "मग नाव कशाला लावलास?" एका गावात वीज नव्हती, त्याचं पण मलाच विचारलं. यादीचं काम म्हणजे हजार ओळी रोज वाचायच्या, त्यातली एखादी बदलायची, आणि काहीच बिघडलं नाही म्हणून कुणी नाव काढायचं नाही. तू हे सहा वर्षं कसं केलंस? मला आत्ताच कंटाळा यायलाय. काल अर्धी यादी तशीच टाकून मी माळेगावच्या बाजूला एक विहीर खणायलेत ती बघायला गेलो. पाणी लागलं नाही.

खरी बातमी वेगळी. उद्या कमठाण्यात सुपारी फोडायची आहे. माझी आणि मंजुश्रीची. हरिबांनी पाच माणसं बोलावली आहेत, शिवशंकरप्पापण येणार. ठाणाकुशनूरहून माझी आई आणि मामा सकाळच्या गाडीनं येतील. आईला सांगितलं पोरगी आंधळी आहे, तर ती म्हणाली, "बरं हाय, तुझं तोंड बघून पळून जाणार न्हाई." मामा म्हणाला, पोरगीचं म्हणणं काय? मी म्हटलं, तिच्या वडिलांना विचारलंय. तिला कुणी विचारलेलं नाही, हे मी तुला सांगतो कारण तुला ते लागेल. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलली. सारखा फोन कानाला. कुणाचा म्हटलं, तर म्हणाली, "गोष्ट ऐकायलेय." बायका ऐकतात तसलं काहीतरी असेल.

तू विचारशील, तुला ती आवडते का? आवडते. यादी पण आवडायची, तुझ्याकडं होती तोपर्यंत. लग्न झाल्यावर काय होईल ते मला पण माहीत नाही. मी कुठं टिकलोय आजपर्यंत? एखाद्या दिवशी कुठली तरी बस निघेल आणि मी तिच्यात असेन, ती मागं विचारत राहील, अंबाजी आलास का? पण तेव्हाचं तेव्हा. उद्या नारळ तिच्या ओटीत पडेल, आणि तू आळंदला अक्काच्या भाकरी मोजत बसशील. तुझ्याकडं माझं पत्र आहे, हे मला माहीत आहे. तू ते वापरणार नाहीस, हे पण माहीत आहे. तुझं सगळं मला माहीत आहे, म्हणून तर मी

दारावर कुणीतरी काठी आपटली. बघून येतो.

मंजुश्री आली आहे.

एकटी. दोन बस बदलून, मधे एका रिक्षावाल्याशी भांडून. चप्पल दारात काढून आत आली, तुझ्या खुर्चीला हात लावला, मी उठलो तर बसली. मी म्हटलं, अगं, उद्या मीच येणार होतो की. पाणी देऊ का? ती म्हणाली, "पेनाचा आवाज यायला होता भाईरपर्यंत. लिहायलास ना? लिही."

मी लिहायलोय, नाहीतर काय करू? थांबलो की ती मान वर करते.

तिनं आता सांगितलं. तू तेरा दिवस गप्प नव्हतास. तू तिला रोज फोन करून माझी पत्रं वाचून दाखवत होतास. आधी पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. कोंबडीचंसुद्धा गाळलं नाहीस म्हणे. तू एक शब्द आपला घातला नाहीस, असं ती म्हणते. शेवटी तिनं विचारलं, तुझं काय म्हणणं हाय गुरुबसवा? तर तू म्हणालास, माझं काही नाही, ऐकायचं तुला होतं.

मी तिला म्हटलं, मंजुश्री, ते मी रागात लिहिलं. खोटं पण असू शकतं.

ती म्हणाली, "व्हय, असंल की. म्हणून तर आले. उद्या सुपारीला पाच माणसं येणार हायत, तुझी आई बी येणार. आप्पाला मी सांगून ठिवलंय, सुपारीच्या आधी अंबाजीला काहीतरी वाचून दाखवायचं हाय. तिन्ही पत्रं गुरुबसवाच्या अक्कानं पाकिटात घालून धाडली, ती माझ्याकडं हायत. ती बी तूच वाचायचीस. हे चौथं बी. खोटं असंल तिथं थांबून सांग, इथं खोटं हाय म्हणून."

माझं पेन थांबलं. मला वाटलं ती रडेल, तर ती वाट बघायलीय, नुसती, मान माझ्याकडं करून.

"थांबलास कामून?" म्हणते. "पत्र अर्धं ठिवू नको. लिही. आन आता लिवशील ते मोठ्यानं लिही."